मन्नूबियाने भिजवलेले चणे

बीर अल-लूज गावात कुणी मेलं की पहिल्या सकाळी कुसकुस, म्हणजे रश्शासोबतचा वाफवलेला जाड रवा, मिळत नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्या घरात मयत, त्या घराने तीन दिवस चूल पेटवायची नाही. आल्यागेल्याला खाऊ घालायचं ते गल्लीने. पण मरण काही आदल्या दिवशी निरोप धाडून येत नाही. काबुली चणे रात्रभर भिजवावे लागतात, चण्यांशिवाय मयताचं कुसकुस म्हणजे थट्टा, आणि डब्यातले तयार चणे ओतणाऱ्या बाईला इथे मरेपर्यंत नावं ठेवतात. म्हणून पहिल्या दिवशी पाव, ऑलिव्हचं तेल, उकडलेली अंडी आणि लाल मिरचीचा ठेचा. कुसकुस दुसऱ्या दिवशी. आमचे आजे-पणजे असेच पाव चावत रडत आले.

आणि तरीही जानेवारीतल्या त्या रविवारी, आमचा बदामवाला सी बशीर, म्हणजे बशीरराव, मेल्याचं कळून चार तास होत नाहीत तोच, सकाळी दहाला अंगणात बसलेल्या पुरुषांपुढे कुसकुसच्या पराती आल्या. वाफाळत्या. वर मेंढीचं मटण, भोपळ्याच्या फोडी आणि टपोरे चणे. शेजारच्या जन्नातने आणल्या म्हणून सगळ्यांनी जन्नातला दुवा दिला, आणि दोन घास जास्तच खाल्ले. दुःखात भूक लागते, त्यात लाजायचं काही नाही.

जन्नातची मुलगी रिहाब तेवढ्यात छपरावरून शिडीने खाली उतरली. सत्तावीस वर्षांची, गावच्या ठाण्यात तपासाचं काम करणारी, अंगावर वर्दी. आईचं हृदय कमजोर, रोजच्या गोळ्यांवर चाललेलं, म्हणून राजधानीतली जागा सोडून तिने गावी बदली मागून घेतली होती. आता तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत गोणपाटाचा एक बोळा.

बशीर कसा गेला ते सांगायलाच नको, असं गावाला वाटत होतं. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपला, धूर साचला, झोपेतच आटोपलं. दर हिवाळ्यात आमच्याकडे असे एक-दोन जातात. पण बशीरच्या खोलीच्या छपराला धूर जायला वीतभर भोक होतं, आणि त्या भोकात वरून हा बोळा कोंबून त्यावर दगड ठेवलेला होता. चेहरा लालबुंद झालेला तो म्हातारा झोपेत मेला होता खरा, पण त्याला कुणीतरी मारलं होतं.

"पोरी, तू वर कशाला चढलीस?" ठाणेदार सी मुन्सफ म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना शांततेत काढायची होती. "चढली नसतीस तर दुपारपर्यंत माती देऊन मोकळे झालो असतो."

"भोक बघायला चढले, सी मुन्सफ. नेहमी बघतात."

"कोण बघतं नेहमी? मी पंचवीस वर्षांत एकदाही चढलो नाही." त्यांनी पिशवी उजेडात धरली. "गोणपाट बदामाच्या पोत्याचं आहे. म्हणजे कोठारातलं. कोठारात कोण झोपतं?"

कोठारात इब्राहिमा झोपायचा. गिनी देशातून चालत, ट्रकला लोंबकळत आलेला, बशीरचे बदाम फोडणारा बावीस-तेवीसचा पोरगा. शिडी कोठारातली. पोतं कोठारातलं. आणि गुरुवारच्या बाजारात एक पेटी पडली म्हणून बशीरने त्याच्या भर लोकांत मुस्काटात मारली होती, ती अर्ध्या गावाने पाहिली होती. बारा वाजायच्या आत इब्राहिमा कोठडीत होता. गावाला हायसं वाटलं. खून झाला हे वाईट, पण आपल्यातल्या कुणी केला नाही, एवढं समाधान पुरेसं होतं. प्रेत तपासणीला जिल्ह्याच्या इस्पितळात गेलं आणि माती सोमवारवर ढकलली.

रिहाबला मात्र सकाळपासून काहीतरी खुपत होतं. उतरल्यावर आईने भिंतीआड उभं करून तिच्या हातात एक बशी दिली होती, आणि सवयीने तिने एक चणा अंगठा आणि बोटात धरून दाबला होता. तो नुसत्या दाबाने फुटला. अख्खा, सालासकट, आतून पिठूळ. सोडा टाकून घाईत उकडलेला चणा असा फुटत नाही, त्याची सालं सुटतात. डब्यातला चणा असा लागत नाही. हे तिला पोलीस अकादमीत कुणी शिकवलं नव्हतं. हे तिला मन्नूबियाने शिकवलं होतं.

मन्नूबिया म्हणजे बशीरची बहीण. तिच्याबद्दल सांगायचं तर गावाला चार वाक्यंही जड जातात, कारण तिच्याकडे कुणी नीट पाहिलेलंच नाही. तिच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. पंधराव्या वर्षी आई गेली आणि भावाचं स्वयंपाकघर तिच्या गळ्यात पडलं. तिला तीन स्थळं आली. पहिला सुतार, चांगला होता. दुसरा टपाल कचेरीतला कारकून. तिसरा बिजवर, ट्रक चालवणारा, तोही चालला असता. तिन्ही वेळा बशीरने एकच प्रश्न विचारला, "मग माझ्या जेवणाचं काय?" स्वतःचं लग्न त्याने केलं, बायको दोन वर्षांत माहेरी निघून गेली, पुन्हा आली नाही. मन्नूबिया कुठे जाणार? तिला माहेरही तेच आणि सासरही तेच.

गावात कुणाकडे मयत झालं की दुसऱ्या दिवशीच्या कुसकुसला मन्नूबियाला बोलावत. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मयताला राबली. कुठल्या घरात किती माणसं येतील हे ती मेलेल्या माणसाच्या स्वभावावरून सांगायची. "हा कडू होता, तीस येतील." "ही गोड होती, दोनशेचं टाका." आणि आकडा चुकायचा नाही. जेवणं उरकली की बायका तिला म्हणायच्या, मन्नूबिया, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मग आपापल्या घरी जायच्या.

रिहाब सात वर्षांची असताना तिचा बाप गेला आणि जन्नात शिवणकामाच्या कारखान्यात जायला लागली. दुपारी शाळेतून आली की रिहाब मन्नूबियाच्या स्वयंपाकघरात. तिला ती 'खालती' म्हणायची, म्हणजे मावशी. पालथ्या पातेल्यावर बसायचं, खायचं, गृहपाठ करायचा. "दाबून बघ," मन्नूबिया चमच्यावर चणा पुढे करायची. "फुटला तर झाला. नाही फुटला तर माणूस कितीही भुकेला असो, वाढायचा नाही." रिहाब अकादमीत निघाली तेव्हा गल्लीने नाकं मुरडली, बाईमाणूस आणि पोलिसात. मन्नूबिया तेवढी म्हणाली, "जा. सगळ्यांची झाकणं उघडून बघ. कुणीतरी बघायला हवं."

रविवारी दुपारी रिहाब घरी आली तेव्हा जन्नात अंगणात मोठं पातेलं घासत होती. आज तिचं भारी कौतुक झालं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

"उम्मी, एवढ्या सकाळी चणे कसे शिजले गं?"

जन्नातने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस हं. मन्नूबियाने दिले. सकाळी आकांत ऐकून मी धावत गेले ना, पहिली मीच पोचले, तर रडता रडताच तिने परसातल्या भिंतीवरून टोपलं दिलं. म्हणाली, भिजलेले आहेत, तुझी धावपळ नको. मयताच्या घरातून चण्यांचं टोपलं घेणं बरं दिसत नाही, पण म्हटलं, वाया कशाला घालवा."

"किती होते?"

"भरपूर होते. कोरडे दोनेक किलो असतील."

"घरात माणसं दोन," रिहाब म्हणाली.

काथ्या पातेल्यावर दोन वेळा फिरला आणि थांबला. जन्नात काही शिकलेली नव्हती, पण दोन किलो चणे किती माणसांना पुरतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने हात हळूच पाण्यातून काढले.

"माझेच होते," ती म्हणाली.

"काय?"

"चणे. मीच भिजवले होते. मन्नूबियाने काही दिलं नाही. मघाशी मी काहीतरीच बडबडले."

"उम्मी, आपणही दोघीच आहोत."

"मला आवडतात चणे. दोन किलो खाते. कोर्टात विचारलं तरी हेच सांगेन." तिचा हात छातीशी गेला. "हे बघ रिहाब. तुझ्या पोटात जे गेलंय ना, त्यातलं अर्धं तिच्या हातचं आहे. कारखान्यातून मी सातला यायचे. विसरलीस?"

रिहाब विसरली नव्हती, हीच तर पंचाईत होती. तिने आईला गोळी आणून दिली आणि पुन्हा ठाण्यावर गेली. चणे म्हणजे काही पुरावा नव्हे, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. बाईने सहज भिजवले असतील. कुणाचं तरी मागणं असेल. पण कुणाचं? गावात त्या आठवड्यात ना लग्न होतं, ना सुंता, ना दुसरं मयत. मन्नूबियाला पाहुण्यांचा आकडा आदल्या दिवशीच माहीत होता, एवढीच एक गोष्ट उरत होती, आणि ती डोक्यातून जाईना.

सोमवारी सकाळी ती कोठडीत गेली. इब्राहिमाचा एक डोळा सुजून मिटला होता. सी मुन्सफ स्वतः कुणाला मारत नाहीत, पण दुसरा कुणी मारत असला की त्यांना बाहेर कॉफी प्यायची आठवण होते. पोराच्या पुढ्यात एक झाकलेली बशी होती. ती बशी रिहाबने ओळखली. निळ्या काठाची, एका बाजूने टवका गेलेली. लहानपणी तीही त्यातच जेवायची.

"हे कुणी पाठवलं?"

"म्हातारीने," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "ती रोज देते. मालक नको म्हणायचा, तरी देते."

"शनिवारी संध्याकाळी शिडी कुठे होती?"

तो बशीकडे बघत राहिला. त्याला माहीत होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. शिडी त्याच्या उशाशी असायची. कुणी नेली आणि कुणी परत ठेवली, हे त्याने पाहिलेलं होतं.

"मला माहीत नाही, मॅडम."

"तुला उद्या सकाळी शहराच्या कोर्टात नेणार आहेत. तिथे तुला जन्मठेप देतील. कळतंय का तुला? तुझ्या आईला तू पुन्हा दिसणार नाहीस."

"मला माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि सुजलेला डोळा पुसला.

खाल्ल्या मिठाला जागणारा सगळ्या गावात हा एकच निघाला, आणि तो आमच्यातला नव्हता. रिहाबला त्या क्षणी त्याचा रागच आला. तो बोलला असता तर तिला बोलावं लागलं नसतं.

दुपारी बशीरला माती दिली. असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज झाली आणि रिहाब मयताच्या घरी गेली. बैठकीत पंधरा-वीस बायका चटयांवर बसल्या होत्या, मधून मधून कुणी हुंदका देत होतं. मन्नूबिया तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात, विझलेल्या चुलीसमोर स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. त्या हातांना रिकामं बसलेलं रिहाबने कधी पाहिलं नव्हतं.

"ये," मन्नूबिया म्हणाली. "जेवलीस का?"

रिहाब पालथ्या पातेल्यावर बसली. ती आता त्यावर मावत नव्हती. "खालती, चणे कधी घातलेस भिजत?"

मन्नूबियाने स्टूल तिच्याकडे वळवलं. मग जरा काळजीने म्हणाली, "का? कुणाला कच्चे लागले का?"

"नाही. मऊसूत होते."

"मग कळलं कसं तुला?"

"म्हणूनच कळलं."

बाहेर कुणीतरी पाण्याचा पेला मागितला, कुणीतरी दिला. मन्नूबियाने मान हलवली, हिशेब चुकल्यावर माणूस हलवतो तशी. "शनिवारी," ती म्हणाली. "असरच्या नमाजेनंतर. आधी चणे घातले, मग शिडी लावली."

रिहाबने वही काढली नाही. तिला वाटत होतं, हिने आता तरी गप्प बसावं. पण चाळीस वर्षं गप्प बसलेल्या बाईला सांगायचं होतं.

"शनिवारी दुपारी जेवला. हात पुसले. म्हणाला, पुढच्या महिन्यात ती येतेय." ती म्हणजे कोण हे गावाला ठाऊक होतं, सहासष्टाव्या वर्षी बशीरने शहरातली एक पस्तिशीची विधवा पक्की केली होती. "म्हणाला, स्वयंपाकघर तिचं राहील, तिला त्यात कुणी लुडबुडलेलं आवडत नाही. तू कोठारातल्या खोलीत जा, त्या पोराला अंगणात झोपव. मी म्हटलं, बरं. मी काय म्हणणार? मग म्हणाला, लग्नाचं जेवण मात्र तूच कर, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. आणि उठता उठता म्हणाला, आज छान झालंय."

तिने मांडीवरचे हात उलटे करून पाहिले.

"त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, रिहाब. मीठ कमी की जास्त ते मी त्याच्या भुवयांवरून ओळखायचे. कधी छान म्हणाला नाही. आणि म्हणाला तो त्या दिवशी, मला बाहेर काढताना."

"मग चणे कशाला, खालती?" रिहाबचा आवाज चिरकला. "चणे भिजवले नसतेस तर मला कधीही कळलं नसतं. भोकातला बोळा कुणी घातला ते मी सात जन्मांत शोधलं नसतं."

"कशाला म्हणजे?" मन्नूबियाला प्रश्नच विचित्र वाटला. "माझ्या घरातलं मयत. सगळं गाव येणार. पाव आणि अंडी खाऊन लोक गेले असते तर काय म्हणाले असते? दुसऱ्यांच्या मयताला राबली आणि स्वतःच्या भावाच्या वेळी हात आखडला. कडू माणूस होता, चाळीस येतील असं धरलं होतं. चाळीसच आले." तिने सुस्कारा सोडला. "बोळा पहाटे काढणार होते. पण फजरच्या नमाजेआधी वर जायची हिंमत झाली नाही, आणि नंतर मी ओरडले तर तुझी उम्मी सगळ्यांच्या आधी धावत आली. एरवी चार पावलांत दम लागतो तिला."

"आणि इब्राहिमा?"

"त्याला काय करतील? फार तर त्याच्या देशात पाठवून देतील. घरी जाईल बिचारा. त्याची आई आहे तिकडे."

आता रिहाबला संताप आला, खराखुरा, आईवर येतो तसा. "त्याला मारलंय, खालती. डोळा उघडत नाही. जन्मभर आत ठेवतील. तू त्याला त्या निळ्या बशीतून कुसकुस पाठवलंस, आणि त्याने ते खाल्लं, आणि शिडी कुणी नेली ते सांगितलं नाही. तुझ्यासाठी."

मन्नूबियाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. ती चुलीकडे बघत राहिली. भावाला मारताना तिला जे वाटलं नव्हतं, ते आता वाटत होतं, असं रिहाबला दिसलं. आणि ते पाहणंही नको झालं.

"येते मी," शेवटी ती म्हणाली. "फक्त तीन दिवस होऊ दे. तिसऱ्याचं जेवण आटपलं की स्वतःहून ठाण्यावर येते. तुला शब्द देते. मयताचं घर आहे, रिहाब. तीन दिवस घरातली बाई घरातून उठत नाही."

शब्द तिने पाळला असता, याबद्दल रिहाबला तीळमात्र शंका नव्हती. शंका होती ती सी मुन्सफांबद्दल. पोरगा उद्या सकाळी शहरात गेला, कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला, की गुरुवारी एक म्हातारी बाई येऊन काय म्हणते ते कुणी ऐकणार नव्हतं. दुःखाने डोकं फिरलं म्हणाले असते आणि घरी सोडलं असतं. आणि सगळं गाव, जन्नातसकट, खूश झालं असतं. हे सगळं तिला लख्ख दिसलं, आणि क्षणभर ते हवंसंही वाटलं. ते हवंसं वाटलं याची लाज तिला अजून वाटते.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता."

मन्नूबियाने वाद घातला नाही. भावाशी तरी कधी घातला होता? तिने खुंटीवरची पांढरी सफसारी डोक्यावरून अंगभर लपेटली, चुलीवरचं झाकण सरळ केलं, आणि दोघी बैठकीतून बाहेर निघाल्या. बायकांचे हुंदके थांबले. जन्नात दाराशीच बसली होती. ती उठली आणि मुलीच्या वर्दीची बाही तिने घट्ट धरली.

"तीन दिवस तरी थांब," ती हळूच म्हणाली. "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. तीन दिवस."

रिहाबने बाही सोडवून घेतली. माती देऊन तीन तासही झाले नव्हते.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. मन्नूबियाने कोर्टात सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही, काही मागितलं नाही. वीस वर्षांची शिक्षा झाली. तिला राजधानीजवळच्या बायकांच्या तुरुंगात नेलं. रिहाब दोनदा भेटायला गेली. पहिल्यांदा ती भेटली नाही. दुसऱ्यांदा भेटली, आणि जाळीआडून एवढंच विचारलं, "आता मयताचं कोण करतं?" रिहाब म्हणाली, कुणी नाही, शहरातून डबे येतात.

इब्राहिमाची खुनातून सुटका झाली. मग सी मुन्सफांनी त्याचे कागद पाहिले, आणि कागद नव्हतेच. त्याला इतर तीस-चाळीस जणांबरोबर बसमध्ये घालून वाळवंटातल्या सरहद्दीवर सोडून आले. तिथून तो घरी गेला, की कुठेच पोचला नाही, ते कुणाला ठाऊक नाही. रिहाबने दोन अर्ज केले. उत्तर आलं नाही. ज्याच्यासाठी तिने तीन दिवस मोडले, त्याचं आडनावही ठाण्याच्या दप्तरात दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं आहे.

आणि आमचं गाव. आम्ही रिहाबला कधी वाईट बोललो नाही, तेवढे आम्ही सभ्य आहोत. खून लपवायला हवा होता, असंही कुणी म्हटलं नाही. सगळे एवढंच म्हणायचे, तीन दिवस तरी थांबायचं होतं. पावाच्या दुकानात म्हणायचे, हमामात म्हणायचे, तिच्या पाठीमागे आणि हळूहळू तिच्या तोंडावरही. चुकलेल्या मुलाला समजावल्यासारखं सावकाश, गोडीत. जन्नातला लग्नांची बोलावणी यायची थांबली. जन्नात मुलीशी बोलायची, पण गरजेपुरतं. गोळी दे, दार लाव. दोघींच्या घरात चणे पुन्हा कधी शिजले नाहीत.

दोन हिवाळ्यांनी जन्नात गेली. फेब्रुवारीत, सकाळी आठला, नळाशी तोंड धुताना. माती त्याच दिवशी दुपारी. गाव आलं, पुरुषांनी खांदा दिला, बायकांनी येऊन रिहाबच्या गालाला गाल लावले, अल्ला तुला सबुरी देवो म्हणाल्या, आणि भिंतीशी ओळीने बसल्या. पण कुणाच्या हातात पाव नव्हता. तेल नव्हतं, अंडी नव्हती. प्रत्येकीला वाटलं असेल, दुसरी आणेल. किंवा कुणालाच तसं वाटलं नसेल. एक वाजला, मग दीड. बायका एकेक करून उठल्या, घरी जेवण खोळंबलंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या गावाहून रिहाबची एक आत्या यायची होती, म्हातारी, चार बस बदलून. सी मुन्सफही निवृत्त झाले होते, तरी येतो म्हणाले होते. रिहाब गल्लीच्या तोंडाशी जाऊन आली. कुठल्याही घरातून कांदा परतल्याचा वास येत नव्हता. मग ती आत आली आणि मयताच्या घराची चूल दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः पेटवली. धूर सगळ्या गल्लीने पाहिला. कुणी काही म्हटलं नाही.

डब्यात तळाशी जुने चणे होते. भिजवलेले नव्हते; कोण भिजवणार? तिने त्यात सोडा टाकला, चार तास उकळले. परात पुढे आली तेव्हा आत्या दमून पेंगत होती. सी मुन्सफांनी घास घेतला. त्यांच्या दाढेखाली काहीतरी कडक वाजलं. त्यांनी ते तसंच गिळलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"छान झालंय," ते म्हणाले.

रिहाबने परातीतला एक चणा उचलला, अंगठा आणि बोटात धरला आणि दाबला. तो फुटला नाही. तिने पुन्हा दाबला. मग तिने परात ओढून घेतली, उठली आणि आत्यासाठी पाव आणायला दुकानाकडे निघाली.